दाब

दौलतगंजातल्या माझ्या दुकानात
लाल कापडी बांधणीची एक वही आहे.
तीत माणसं नाहीत, मापं आहेत.
लांबी, कंबर, सीट, मांडी, मोहरी.
लांबी बहुतेक तीच राहते.
बाकीचं काय सांगू.

विश्वंभर सर्वटे, एजी ऑफिस.
पहिलं माप एकोणनव्वद साली, लग्नाचा सूट.
कंबर तीस.
मी म्हणालो होतो,
साहेब, पोट आत ओढू नका, श्वास सोडा.
त्यांनी ओढलंच नव्हतं.

मग दर दिवाळीला दोन पँटी.
बत्तीस. तेहतीस. बढतीच्या वर्षी पस्तीस.
तोवर ते चिटणीस की गोठहून चालत यायचे.
स्कूटर आली तेव्हा सदतीस.
सकाळी ऑफिसच्या वाटेवर बेडई,
थंडीत खिशात गजक, दुपारी खुर्ची,
संध्याकाळी दुसरी खुर्ची.
मुलीच्या लग्नात एक्केचाळीस.

आकडा मी वहीत लिहायचो, तोंडाने बोलायचो नाही.
गिऱ्हाइकाला आकडा ऐकवणारा शिंपी
पुढच्या दिवाळीला माश्या मारतो.
ते म्हणायचे, बागुल, मागच्या पँटी आटल्या हो.
मी म्हणायचो, हल्लीचं कापडच तसलं.
टेरिकॉट आटत नाही
हे दोघांनाही ठाऊक.

मागच्या शिवणीत मी दोन बोटं दाब ठेवायचो.
वडिलांची शिकवण: माणूस वाढतो, दाब सोड.
पँट परत आली की उसवायची,
आतलं थोडं बाहेर द्यायचं, इस्त्री फिरवायची.
जुन्या शिवणीची एक फिकट रेघ उरते,
ती शर्टाखाली जाते.
आत आणखी एक दाब चढत होता.
त्याचा रकाना माझ्या वहीत नव्हता.

चव्वेचाळीसच्या वर्षी
फितीचं दुसरं टोक हाताला येईना.
दोन्ही हात मागे नेऊन ते पकडावं लागलं,
म्हणजे जवळजवळ मिठीच.
कान छातीला टेकला.
आत कोणीतरी घाईघाईने
जड काहीतरी ओढत होतं.
माझं दुकान फक्त तीन पायऱ्यांवर आहे.
मी चव्वेचाळीस लिहिलं
आणि पावती फाडली.

जानेवारीत, धुक्यात,
ऑफिसच्या जिन्यात छाती धरून बसले.
दोन स्टेंट.
मालिनीबाई राहिलेल्या पँटी न्यायला आल्या, म्हणाल्या,
डॉक्टरीणबाईंनी काय काढलं असेल? फीत!
अगदी तुमच्यासारखी, पोटावरून.
म्हणाल्या, नुसता काटा बघू नका,
चरबी कुठे बसली ते बघा.
कंबर छत्तीसच्या पुढे गेली
की साखर, बीपी, कोलेस्टेरॉल मागोमाग येतात,
आणि सगळ्यांचं भाडं हृदय भरतं.
हे काही एका रात्रीत झालेलं नाही.
इतकी वर्षं कोणी मोजलं नाही का?

मी सुईत दोरा ओवत राहिलो.
ओवलेलाच होता.

चैत्रात ते स्वतः आले. चालत,
वाटेत दोनदा थांबून.
कंबर एक्केचाळीस. या वेळी मी मोठ्याने म्हणालो.
हसले. म्हणाले, आत घ्या.
घेतलं.
मग म्हणाले, उरलेला दाब कापून टाका.
साहेब, पुन्हा लागला तर?
म्हणून तर म्हणतोय.

कात्री हातात धरून मी बराच वेळ उभा.
चांगलं कापड असं
आजवर कुणाचं कापलं नव्हतं.

रात्री शटर अर्धं ओढल्यावर पाहिलं,
ती निळी पट्टी टेबलावरच पडलेली,
दोन बोटं रुंद, वीतभर लांब.
मी स्वतः पायजमा घालतो. नाडीचा.
नाडीवर आकडे नसतात.
पूर्वी गाठ मारून हातभर लोंबायची,
हल्ली गाठच कशीबशी बसते.

फीत गळ्यातच होती.